जुनी मारुती ८०० घरी दुरुस्त करताना: आधी तपासा, मग उघडा

पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये मालकाच्या हाती गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या ३० वर्षांत अशा २५ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या, म्हणून आजही तिचे सुटे भाग मिळतात आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्रीही सापडतात. इंदुरात राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा वस्त्यांमध्ये फाटकाआड उभी असलेली ८०० अजून दिसते. घरातल्या तरुण मुलाला किंवा मुलीला ती पुन्हा रस्त्यावर आणावीशी वाटते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. गाडी १९८६ नंतरच्या बॉडीची, ७९६ सीसीचं ३ सिलिंडरचं इंजिन आणि कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) असलेली आहे, असं मी धरून चाललो आहे. तुमची गाडी नंतरची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) असेल तर पेट्रोलचा भाग सोडून बाकी सगळं लागू पडेल.

नव्या माणसाचं लक्ष आधी मॅग व्हील, मोठा सायलेन्सर आणि नवा रंग यांकडे जातं. माझं सांगणं असं की गाडी कारखान्यातून जशी आली होती तशी आधी चालवून दाखवा. जुन्या ८०० मध्ये गेल्या २५-३० वर्षांत कुणीकुणी काहीबाही काढलेलं, जोडलेलं आणि शॉर्टकट मारलेलं असतं. ते शोधून मूळ जागी आणलं की गाडी इतकी बदलते की निम्म्या मॉडिफिकेशनची गरजच उरत नाही.

कागद

पानं-पक्कड हातात घेण्याआधी आरसी काढून बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासून दर ५ वर्षांनी नूतनीकरण होतं. एमपी ०९ ची गाडी असेल तर तुमचं आरटीओ इंदूरचंच. आरसी अजून आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. गाडीवर खर्च करून झाल्यावर हा पेच निघाला की फार मनस्ताप होतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात मालकाला मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलणं, बॉडी कापणं, सीएनजी बसवणं यांना परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. वेगळा रंग दिला तरी नोंद लागते. सीएनजीचं काम घरी कधीच करायचं नाही, ते मान्यताप्राप्त केंद्रातच.

हत्यारं

इंदूरच्या सियागंज बाजारात एक फेरी मारली की सगळं मिळतं, पण काय घ्यायचं हे घरून ठरवून जा. जपानी आखणीची गाडी असल्यामुळे बहुतेक नट-बोल्ट १०, १२, १४ आणि १७ चे आहेत, चाकाचे नट १९ चे. मोठा चकचकीत सेट घेण्यापेक्षा या ५ मापांचे चांगले रिंग पाने आणि गोटी पाने (सॉकेट) घ्या. टपारियासारखा दिसणारा नकली माल टाळा, खऱ्या टपारिया कंपनीचे साधे पाने आयुष्यभर टिकतात. सोबत लागेल ते असं: २१ चा प्लग पाना, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), मल्टिमीटर, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे आणि २ मजबूत स्टँड, ज्यांना आपले मिस्त्री घोडी म्हणतात. टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) पहिल्या महिन्यात नसला तरी चालेल, पुढे घ्याच.

एक बारीक पण मोलाची गोष्ट. कार्ब्युरेटरचे आणि ब्रेकच्या टाकीचे स्क्रू जपानी जेआयएस पद्धतीचे असतात. साधा फिलिप्स त्यात नीट बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि खाच खातो. अशा खाच गेलेल्या स्क्रूंनी भरलेले कार्ब्युरेटर तुम्ही पाहिले असतील. जेआयएस टोकाचा एक चांगला पेचकस घेतला की हा त्रास संपतो.

गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, छापील किंवा पीडीएफ. प्लगची गॅप, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, टायमिंग हे आकडे तिथूनच घ्यायचे, ओळखीच्या कुणी तोंडी सांगितले म्हणून नाही.

गाडी उचलणं

यावर मी हट्टी आहे. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. विटा, सिमेंटचे ब्लॉक, जुनं रिम यांचा आधार तर मुळीच नको. वीट भाराखाली कुठलीही सूचना न देता फुटते.

गाडी सपाट फरशीवर घ्या. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात जॅक गिळते, अंगण मातीचं असेल तर खाली जाड प्लायवूड टाका. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करा. मग उचला, स्टँड बॉडीच्या कडेच्या मजबूत पट्टीखाली लावा आणि गाडी हाताने जोरात हलवून बघा. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. ती पट्टीच गंजलेली असू शकते, म्हणून आधी पेचकसाच्या टोकाने टोचून बघा. टोक आत गेलं तर तिथे भार द्यायचा नाही.

ब्रेक सगळ्यात आधी

इंजिन सुरू होवो न होवो, पहिलं काम ब्रेकचं. उभ्या राहिलेल्या ८०० मध्ये मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेकचे शू ढकलणारे) हमखास गळतात. ड्रम काढा. आतली धूळ फुंकायची नाही, हवेचा पाइपही मारायचा नाही, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने किंवा पाण्याने धुवा. सिलिंडरचं रबरी बूट बोटाने उचला. खाली ओल दिसली तर नुसत्या रबरांचं दुरुस्ती किट नको, दोन्ही बाजूंचे सिलिंडर नवे घाला. ऑइलने भिजलेले शू धुऊन पुन्हा वापरायचे नाहीत.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. पाणी मिसळलं की त्याचा उकळबिंदू खाली येतो आणि घाटात पेडल मऊ पडतं, शिवाय पाइप आतून गंजतात. दर २ वर्षांनी ते बदलायचं. टाकीच्या झाकणावर लिहिलेला ग्रेडच घ्या आणि सीलबंद डबा घ्या. अर्धा उघडा डबा स्वस्तात मिळाला तरी नको.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मदतीला घरातलं कुणीही चालेल, फक्त त्याने ऐकलेलं तंतोतंत पाळायला हवं. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा मुख्य भाग) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा. चाकामागच्या निपलला (हवा काढायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. आत बसलेल्याने पेडल दाबायचं आणि "दाबलं" म्हणायचं. खालच्याने निपल सैल करून लगेच आवळायचं आणि मग "सोड" म्हणायचं. "सोड" ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत जाते. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. पेडलखाली जमिनीवर लाकडाचा एक ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरच्या तळाशी, जिथे एरवी पिस्टन पोहोचत नाही, गंज बसलेला असतो. पेडल पार खाली दाबलं की सील त्या गंजावर घासून फाटतं आणि हवा काढता काढता चांगला मास्टर निकामी होतो.

ब्रेक ऑइल रंगाला खातं. सांडलं तर पाण्याने लगेच धुवा.

वायरिंग, अर्थ आणि हेडलाइट

जुन्या ८०० च्या निम्म्या तक्रारी विजेच्या असतात, आणि त्या दुरुस्त करायला मल्टिमीटरखेरीज फारसं काही लागत नाही. लोक बॅटरी बदलतात, स्टार्टर बदलतात, डायनॅमो बांधून आणतात, आणि दोष निघतो १० च्या बोल्टखाली गंजलेल्या अर्थच्या वायरीत, म्हणजे बॅटरीचं वजा टोक बॉडीला आणि इंजिनला जोडणाऱ्या वायरीत.

मोजमाप असं करा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग निदान. स्टार्टर फिरताना व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना, थोडी रेस देऊन, १३.८ ते १४.४ यायला हवेत. हे सगळं ठीक असूनही स्टार्टर सुस्त असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या वजा टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा, आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. मधल्या अर्थमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर दोषी सापडला. वायर काढा, बॉडीवरचा रंग-गंज घासून चकचकीत धातू काढा, नवी जाड वायर घाला, वर थोडं ग्रीस लावा. बॅटरी काढताना नेहमी वजा टोक आधी आणि जोडताना शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

यानंतर जो बदल मी प्रत्येक ८०० मालकाला करायला सांगतो तो म्हणजे हेडलाइटचे रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच. या गाडीत दिव्यांचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि लांबलचक बारीक वायरीतून जातो. ६० वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे सुमारे १० अँपिअर. जुन्या स्विचमध्ये आणि जोडांमध्ये व्होल्टेज सांडत जातं, आणि बल्बपर्यंत १३.५ च्या जागी ११ पोहोचतात. प्रकाश त्याहून जास्त प्रमाणात कमी होतो. आधी बल्बच्या सॉकेटवर, दिवा चालू ठेवून, व्होल्टेज मोजा आणि लिहून ठेवा.

मग दोन ४ पिनचे रिले घ्या, एक लो बीमला आणि एक हाय बीमला. ३० नंबरच्या पिनला बॅटरीच्या अधिक टोकावरून २.५ चौरस मि.मी. ची वायर आणा. तिच्यात बॅटरीपासून अगदी जवळ २० अँपिअरचा फ्यूज हवा. फ्यूज लांब लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर आग थांबवणारं काहीच नाही. ८७ वरून दोन्ही बल्बना वायर न्या. मूळ हेडलाइटची वायर आता फक्त ८६ ला जोडायची, आणि ८५ अर्थला. पण ही जोडणी करण्याआधी तुमच्या गाडीत स्विच अधिक बाजू तोडतो की अर्थची, हे मीटरने बघून घ्या. सॉकेटचा अर्थसुद्धा नवा ओढा, तोही तितकाच जुना आहे. जोड क्रिंप करा, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, वायर कॉरुगेटेड पाइपमधून न्या. नुसतं पिळून टेप गुंडाळलेला जोड बॉनेटच्या उष्णतेत वर्षभरही टिकत नाही. काम झाल्यावर पुन्हा मोजा. मूळ वॉटचेच बल्ब ठेवा. १००/९० चे बल्ब बेकायदा आहेत, सॉकेट वितळवतात आणि समोरच्याला आंधळं करतात.

गरम होणं

मे महिन्यात इंदुरात पारा ४२ च्या पुढे जातो आणि बंद पडलेली ८०० पाटणीपुऱ्याच्या किंवा राजवाड्याच्या गर्दीत दिसते. मिस्त्री बहुधा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतात आणि "अब गरम नहीं होगी" म्हणतात. हे करू देऊ नका. थर्मोस्टॅटविना इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोहोचतं, तोवर पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये ओल साचते, सिलिंडर लवकर झिजतात. खरा दोष रेडिएटरमध्ये, पंख्याच्या स्विचमध्ये किंवा कॅपमध्ये असतो आणि तो तसाच राहतो.

थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे. काढून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, पाणी तापवा, थर्मामीटर ठेवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा, थंड झाल्यावर बंद व्हायला हवा. पंख्यासाठी थर्मोस्विचची वायर काढून, इग्निशन चालू ठेवून, तिची दोन टोकं जोडा (वायर एकच असेल तर तिचं टोक अर्थला लावा). पंखा फिरला तर स्विच गेला, नाही फिरला तर मोटर, फ्यूज किंवा रिले बघा. हात पंख्यापासून लांब.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी कमी पडलं की बोरिंगचं वापरतात. बोरिंगचं जड पाणी रेडिएटरमध्ये कधीही ओतू नका, त्याचा क्षार बारीक नळ्यांमध्ये बसतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला गंज लागतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, पॅकवर लिहिलेल्या प्रमाणात. गरम इंजिनची कॅप उघडायची नाही, हे लहान मुलांनाही बजावून ठेवा.

कार्ब्युरेटर शेवटी

गाडी झटके देते, आयडल राहत नाही (रेस न देता इंजिन चालू राहत नाही), धूर काढते, की लोक थेट कार्ब्युरेटर उघडतात. तो शेवटी उघडायचा असतो. क्रम असा ठेवा.

प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी चांगला, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर, ओला तेलकट म्हणजे इंजिन आतून ऑइल खातंय. तिन्ही प्लग वेगवेगळे दिसले तर आजार एकाच सिलिंडरचा आहे आणि कार्ब्युरेटर निर्दोष असण्याची शक्यता मोठी, कारण तो तिघांना एकच मिश्रण देतो. कॉम्प्रेशन गेज मिळालं तर तिन्ही सिलिंडर मोजा. त्यांच्यात १ किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह.

पॉइंटच्या गाडीत (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर ठिणगी चालणाऱ्या) आधी पॉइंटची गॅप, मग टायमिंग. उलट केलं तर गॅप बदलताच टायमिंग सरकतं आणि मेहनत वाया जाते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला आतून केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथून ठिणगी पळते आहे, टोपी बदला.

मग व्हॅक्यूमचे पाइप. बॉनेटखालच्या उष्णतेने ते कडक होऊन टोकाला चिरतात. आयडलवर एकेक पाइप मऊ पक्कडीने चिमटून बघा. ज्यावर आयडल सुधारलं त्याच्या पुढे गळती आहे. गरम इंजिनवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत प्रचलित आहे, पण आगीचा धोका पाहता घरी ती नकोच.

आता पेट्रोल. अलीकडे पंपांवर २०% इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मऊ करतं आणि ओलावा ओढून घेतं. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतचे आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला, क्लिपही नव्या. हा बदल दिसत नाही, पण माझ्या मते रिलेच्या खालोखाल तोच सगळ्यात गरजेचा आहे. पेट्रोलचा पाइप ठिबकला तर खाली गरम मॅनिफोल्ड असतं. काम करताना जवळ एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवा, गाडी मोकळ्या हवेत असू द्या आणि देवघरातला दिवा, गॅस गीझर यांच्यापासून लांब.

एवढं करूनही तक्रार राहिली तर कार्ब्युरेटर काढा. प्रत्येक पाइपचा फोटो, प्रत्येक पाइपला चिकटपट्टीवर नंबर. मिक्स्चरचा स्क्रू काढण्याआधी तो हळुवार आत फिरवत किती फेऱ्यांत बसतो ते मोजून लिहा. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात) तार घालायची नाही, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये भिजवा, हवेने फुंका, डोळ्यांवर चष्मा असू द्या. किट आणताना फक्त पॅकिंग घेऊ नका, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा पडदा आणि नीडल व्हॉल्व्हही नवे घ्या. बसवल्यावर इंजिन पुरतं तापू द्या आणि मगच आयडल-मिक्स्चर लावा. पीयूसी केंद्रावर गेल्यावर चिठ्ठीवरचा सीओचा आकडा बघा. तो जास्त असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. घरच्या ट्यूनिंगची एवढी स्वस्त परीक्षा दुसरी नाही.

गंज आणि टाकाऊ ऑइल

पायाखालचे मॅट उचला, स्टेपनीची जागा आणि बॅटरीच्या खालचा पत्रा बघा, दारांच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा. वरवरचा गंज घासून प्रायमर द्या. भोक पडलेला पत्रा पुट्टीने झाकायचा नाही, तो कापून नवा वेल्ड करावा लागतो आणि ते काम जाणत्या वेल्डरचं आहे.

काढलेलं ऑइल आणि कूलंट नालीत ओतू नका, ते कान्ह नदीत जातं. ऑइल बंद कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराकडे परत द्या. ऑइलची फडकी महापालिकेच्या कचरागाडीत धोकादायक कचऱ्याच्या खणात टाकायची.

पहिली फेरी

आधी गल्लीत, १०-२० च्या वेगाने, फक्त ब्रेकसाठी. मग पहाटे सुपर कॉरिडॉरवर, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघायला. तिथे समाधान झालं की खंडवा रोडने भेरूघाट. चढताना तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा, उतरताना गिअर खालचा ठेवा आणि पेडल मऊ होतंय का ते जाणून घ्या. मऊ वाटलं तर थांबा, ब्रेक थंड होऊ द्या, आणि घरी येऊन ऑइल व शू पुन्हा तपासा. परत आल्यावर इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मग कूलंटची पातळी बघा, गाडीखाली पुठ्ठा पसरून सकाळी त्यावर कुठे काय ठिबकलंय ते पाहा, आणि चाकांचे नट एकदा पुन्हा आवळून घ्या.